बोर्ड जिता आहे म्हणणाऱ्या दादांना

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरवाल्या दादांस,

स. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही 'असू दे की ओ काकू' म्हणत गाडीला किक मारता. म्हणून चारचौघांत लिहितेय. आता वाचावंच लागेल.

गणपती तोंडावर आलेले. मंगळवार पेठेतल्या तालमीची पोरं पावती पुस्तकांसाठी दारात उभी, आणि आमचा डीटीपीचा, म्हणजे छपाईचा मजकूर जुळवायचा, डेस्कटॉप बटण दाबलं की पंखा जेमतेम हलवून गप्प. आधी ज्यांना दाखवला त्यांनी झाकणसुद्धा न उघडता 'मदरबोर्ड गेला, नवीन मशीन घ्या' असं सांगून टाकलं होतं. नवीन घ्यायला ना नव्हती हो, पण माझे जुने फॉन्ट, जुन्या फायली सगळं त्याच मशीनवर बसवलेलं. ते परत जमवेपर्यंत विसर्जन झालं असतं.

तुम्ही आलात आणि पहिलं वाक्य टाकलंत, 'काकू, आधी फुकटातलं बघूया.' स्पाइक गार्ड बाजूला, वायर सरळ भिंतीच्या सॉकेटला. फरक नाही. मग एसएमपीएसचे, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याचे, सगळे प्लग सोडवलेत, मोठ्या २४ पिनांच्या प्लगमध्ये हिरवी आणि काळी वायर यू-पिनेनं जोडलीत आणि त्याचा पंखा भिरभिरायला लागला. मीटरवर पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३ व्होल्टच्या आसपास. पाच टक्के इकडंतिकडं चालतंय म्हणालात. मी खूश झाले तर लगेच, 'रिकाम्या गाडीनं घाट चढला म्हणून भरलेली चढंलच असं नसतंय.' त्या डब्याचं झाकण मात्र मला उघडू दिलं नाहीत. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, हे त्या दिवशी कळलं.

खरी गंमत पुढं. हार्ड डिस्क, रॅम, समोरच्या पॅनलच्या बारक्या वायरी, सगळं काढलंत. बोर्डावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, परत लावलेले एसएमपीएसचे प्लग आणि तुमच्या खिशातला तो चिमुकला स्पीकर. बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलंत आणि बीप, बीप सुरू झालं. रॅम नाही म्हणून बोर्ड ओरडत होता. 'बोलालंय की ओ काकू! जिता हाय बोर्ड!' तुमचा आवाज शेजारच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत गेला होता.

मग एकेक वस्तू परत. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसून बसवलीत, स्क्रीन उजळली. हार्ड डिस्क लावली, चालली. पॉवर बटणाची वायर, चालली. समोरच्या यूएसबीची वायर लावली आणि पंखा पुन्हा हलून गप्प. ती काढली की चालू, लावली की बंद. तुम्ही टॉर्च धरून मला त्या पोर्टात वाकून बघायला लावलंत. आतली प्लॅस्टिकची पट्टी मोडलेली, चारपैकी एक पिन वाकून बाहेरच्या पत्र्याला टेकलेली. तीच पाच व्होल्टची. शॉर्ट झाल्यावर एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद पडत होता. त्याचं काम तो चोख करत होता बिचारा. दिवसभर गिऱ्हाइकं पेनड्राइव्ह खुपसतात, निम्मी उलटा खुपसून वर जोर लावतात, त्याचा हा प्रसाद.

एवढ्याशा पिनेपायी अख्खं मशीन भंगारात जाणार होतं. तुम्ही ती वायर काढून ठेवलीत, मागच्या पोर्टाला एक्स्टेन्शन लावून टेबलावर आणून दिलंत आणि पेट्रोलपुरते पैसे घेतलेत. पण मला जास्त भावलं ते हे, की हात चालवताना तोंडही चालू होतं. काय काढताय, का काढताय, आता काय कळणार, सगळं सांगत होतात. माझ्या लेकीनं ते क्रमानं वहीत उतरवून घेतलंय. परवा तिच्या मैत्रिणीचा पीसी बंद पडला तर ही फोनवरून सांगतेय, 'आधी फुकटातलं बघ.'

पावती पुस्तकं वेळेत गेली. पोरांनी वर्गणीची पहिली पावती माझ्याच नावानं फाडली, ते सोडा.

आता एक काम आहे. समोरच्या पॅनलला जुळणारा यूएसबी पोर्ट कुठं मिळाला तर घेऊन या. आणि या खेपेला मजुरी घ्यायची बरं का, नाहीतर चहा मिळणार नाही.

आपली,
मंगळवार पेठेतली डीटीपीवाली काकू