डीबीए (डॉक्टर ऑफ बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) करू इच्छिणाऱ्या सभासदांसाठी स्मरणपत्र

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्याच जागी, कॉलेज रोडला बसायचं आहे. ज्यांनी डीबीएसाठी नाव दिलंय, त्यांनी आपला प्रश्न एका पानावर लिहून आणावा. विषय नको, प्रश्न हवा. मागच्या वेळी निम्म्या कागदांवर ‘नेतृत्व आणि बदल’ असलं काहीतरी होतं. त्यावर काय बोलणार?

पीएचडीत सिद्धांतात भर घालायची असते. डीबीएत आपल्याच धंद्यातली अडचण संशोधनाच्या शिस्तीने सोडवायची असते. म्हणून प्रश्न जवळचा असू द्या : अंबडच्या कारखान्यात सुट्या भागांचा साठा का पडून राहतो, द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये हंगामी मजूर पुढच्या वर्षी परत का येत नाहीत, लासलगावच्या लिलावातला भाव चाळीत कांदा ठेवण्याचा निर्णय कसा बदलतो. आकडे तुमच्या हाताशी आहेत, पण मालकाची लेखी परवानगी आधी घ्या.

फी भरण्यापूर्वी एक गोष्ट. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्या देत असलेल्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असं यूजीसी आणि एआयसीटीई या उच्च व तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थांनी ऑक्टोबर २०२२ मध्येच जाहीर केलंय. डीबीएच्या जाहिरातीही त्याच नजरेने तपासा. प्राध्यापकीसाठी पदवी हवी असेल, तर नियमित पीएचडीच बघा. तिला किमान ३ वर्षं लागतात. नुसतं नावामागे ‘डॉ.’ लावायचं असेल, तर रविवारची झोप मोडू नका.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवावं, चहा-मिसळीचा अंदाज येईल.