लीगल एड क्लिनिकच्या मॅडमना, निवृत्तीच्या निमित्ताने

आदरणीय मॅडम,

सादर प्रणाम. या महिनाअखेर आपण नियत वयोमानानुसार निवृत्त होत आहात. निरोप समारंभात आभार चार वाक्यांत उरकावे लागतात आणि मला त्याहून अधिक सांगायचे आहे, म्हणून हे जाहीर पत्र.

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली उत्तम चाललेली असताना आपण सनद स्थगित करून पूर्णवेळ अध्यापन पत्करले. आधी संविधान शिकवले, मग नागरिकत्व आणि परकीय नागरिकांविषयीच्या कायद्याकडे वळलात. अभ्यासक्रमात हा विषय एखाद्या प्रश्नापुरता होता. जरीपटक्यात मात्र तो घरोघरी होता. फाळणीनंतर वसलेल्या त्या सिंधी वस्तीत सीमेपलीकडून माणसे नंतरही येत राहिली आणि त्यांतली कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे दीर्घ मुदतीच्या व्हिसाची मुदत वाढवून घेत जगत होती.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी कायद्याच्या अभ्यासक्रमात चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे केले. अनेक ठिकाणी ते जर्नल लिहिण्यापुरतेच उरतात. आपण मात्र कॉलेजच्या लीगल एड क्लिनिकमध्ये, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या केंद्रात, आम्हांला खरा पक्षकार दिलात. विद्यार्थ्याकडे सनद नसते आणि पूर्णवेळ प्राध्यापकाला न्यायालयात उभे राहता येत नाही, त्यामुळे युक्तिवाद मोफत कायदेशीर मदत पुरवणाऱ्या शासकीय विधी सेवा प्राधिकरणाचे वकील करत. पण मुलाखत, टिपण, अर्जाचा मसुदा हे सारे आमचे असे, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी आपण स्वतःवर घेत असा.

माझ्याकडे आलेली पहिली फाइल मला आजही पाठ आहे. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ५ खाली नोंदणी मागणारे ते गृहस्थ. भारतीय वंशाचे ठरण्यासाठी ते स्वतः किंवा त्यांच्या आईवडिलांपैकी कोणी अविभाजित भारतात जन्मलेले असणे आवश्यक होते. वडिलांचा जन्म १९४१ चा, सिंधमधल्या सक्करचा. पुरावा म्हणजे अरबी वळणाच्या सिंधी लिपीतला, घडीवर विरलेला शाळेचा एक दाखला. त्यातले वडिलांचे नाव आणि मुलाच्या पासपोर्टातले वडिलांचे नाव जुळत नव्हते. आपण तो दाखला माझ्यापुढे ठेवून एवढेच विचारलेत, "यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, ते सांग." जरीपटक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांकडून भाषांतर करून घेणे, दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे शपथपत्र तयार करणे, हे सगळे त्या प्रश्नातून आपोआप पुढे आले. सही घेण्यापूर्वी आपण ते शपथपत्र मला त्या गृहस्थांना हिंदीतून सावकाश वाचून दाखवायला लावलेत आणि त्यांनी सांगितलेल्या दोन दुरुस्त्या होईपर्यंत सही होऊ दिली नाहीत. पुढे त्यांना प्रमाणपत्र मिळाले. आजही कोणतेही शपथपत्र मी पक्षकाराच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय पुढे सरकवत नाही.

कायदा सतत बदलत राहिला. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने नागपूरसह काही निवडक जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे काही समुदायांच्या नागरिकत्वाच्या अर्जांचे अधिकार सोपवले, मार्च २०२४ मध्ये नागरिकत्व कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीचे नियम आले, आणि २०२५ च्या नव्या कायद्याने १९४६ चा परकीय नागरिक अधिनियम इतिहासजमा केला. दर वेळी आपण टिपणे नव्याने लिहिलीत. २०१९ च्या दुरुस्तीवर वर्ग दुभंगला होता. तीन देशांतून आलेल्या सहा धर्मसमुदायांना मिळणारा दिलासा आणि धर्माच्या निकषावर संविधानातल्या समानतेच्या अनुच्छेद १४ च्या आधारे घेतला जाणारा आक्षेप, दोन्ही बाजू आपण आम्हांला सारख्याच ताकदीने मांडायला लावल्यात. जीविताचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण करणारा अनुच्छेद २१ 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणतो, हे सांगताना पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमा निर्वासितांविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल आपण ओळीओळीने वाचून घेतलात. त्या दुरुस्तीचा लाभ ज्यांना नव्हता, त्यांच्या फाइलीही क्लिनिकमध्ये तितक्याच काळजीने हाताळल्या गेल्या. माझ्या मते आपल्या कारकिर्दीतले हेच सर्वांत मोठे काम आहे.

मी आज प्राधिकरणाच्या पॅनेलवर आहे, ती आपल्यामुळे. त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. क्लिनिकच्या प्रलंबित फाइली नव्या प्राध्यापकांना समजावून देण्यासाठी दर शनिवारी येण्याची तयारी मी प्राचार्यांना कळवली आहे. २०२५ च्या कायद्यावरची आपली टिपणे त्यासाठी लागतील; ती घ्यायला मी घरी येईन.

आपली विद्यार्थिनी,
नागपूर