कोर्स संपला, पण जंतू गेला का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतल्या ॲसिडिटीवरच्या लेखात जागरण आणि ताण यांवर भरपूर लिहिलं आहे. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूला मात्र जेमतेम एक ओळ मिळाली, तीही ‘दोन आठवडे गोळ्या घेतल्या की जातो’ अशी. त्या ओळीसाठीच हे पत्र. गोळ्या संपणं वेगळं आणि जंतू जाणं वेगळं. तो गेला की नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

जठरातल्या आम्लात जंतू टिकतच नाहीत, असं डॉक्टरही कित्येक वर्षं मानत होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1982 मध्ये हा जंतू वाढवून दाखवला. 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मळसूत्रासारखा पीळ असलेला हा जंतू अस्तरावरच्या चिकट थरात शिरतो आणि युरियेज या विकराने युरियापासून अमोनिया तयार करून स्वतःभोवतीचं आम्ल मारतो. त्याची ही खोडच तपासणीच्या उपयोगी पडते. एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडावाटे दुर्बिणीची नळी घालून, अस्तराचा कणभर तुकडा काढून युरिया असलेल्या पिवळ्या जेलवर ठेवतात. जंतू असेल तर जेल तुकड्याभोवती गुलाबी होऊ लागतं.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल अशी आम्ल कमी करणारी गोळी चालू असताना तपासणी केली, तर जंतू असूनही अहवाल ‘नाही’ येऊ शकतो. आम्ल घटलं की जंतूंची संख्या रोडावते आणि उरलेले जठराच्या खालच्या भागातून वर सरकतात. तुकडा फक्त खालून घेतला तर ते सापडतच नाहीत. म्हणून या गोळ्या किमान 2 आठवडे आणि प्रतिजैविकं व बिस्मथ किमान 4 आठवडे बंद हवीत, अर्थात डॉक्टरांना विचारूनच. श्वासाच्या आणि शौचाच्या तपासणीलाही हेच लागू आहे. रक्तातल्या अँटिबॉडीच्या तपासणीवर तर विसंबूच नये; जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते आणि बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा औषधं सुरू होतात.

क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाला हा जंतू अनेक ठिकाणी दाद देईनासा झाला आहे. त्यामुळे आता बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्ल कमी करणारी गोळी असा चार औषधांचा 14 दिवसांचा कोर्स बहुधा पहिल्यांदा देतात. गोळ्या पुष्कळ, त्याही दिवसातून चार वेळा. तोंड कडवट होतं, मळमळतं, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटलं की माणूस कोर्स सोडतो. अर्धवट कोर्समधून वाचलेले जंतू पुढच्या वेळी त्याच औषधाला जुमानत नाहीत. आम्लाची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. टेट्रासायक्लिन दूध, लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतलं तर नीट शोषलं जात नाही. गरोदरपणात आणि आठ वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू वर्ज्य. बिस्मथने जीभ आणि शौच काळी पडते, त्याला घाबरू नये. पण डांबरासारखी चिकट, उग्र वासाची काळी शौच म्हणजे रक्तस्राव. तेव्हा थेट रुग्णालय गाठावं.

कोर्स संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी पुन्हा करायची. दुखणं थांबलं म्हणून ती टाळू नये. जंतू असूनही बहुतेकांना काहीच त्रास नसतो, आणि आतली सूज मात्र वर्षानुवर्षं चालू राहते. हळूहळू अस्तराच्या ग्रंथी झिजतात, काहींच्या जठरात आतड्यासारख्या पेशी उगवतात आणि त्यातल्या थोड्यांना पुढे कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्येच या जंतूला कर्करोगकारक ठरवलं. लोह किंवा बी-12 वारंवार कमी भरत असेल आणि कारण सापडत नसेल, तर जठराकडे बघावं.

बायोप्सीच्या, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या, अहवालात ‘ॲट्रॉफी’ (ग्रंथी झिजणं) किंवा ‘मेटाप्लेझिया’ (आतड्यासारख्या पेशी उगवणं) हे शब्द असतील, तर तो कागद जपून ठेवावा. हा बदल जठरात दूरवर पसरलेला असेल, तर जंतू गेल्यानंतरही साधारण दर 3 वर्षांनी एंडोस्कोपी करावी लागते, आणि त्या वेळी डॉक्टरांना जुना अहवाल लागतो.

आपले,
पोटविकारांवर उपचार करणारे दोन डॉक्टर