मुद्दल तशीच ठेवायची

विनिपेग, कॅनडा, ९ मार्च

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

मी बरा आहे. खोकला गेला. बाहेर उणे वीस असलं तरी घर रात्रंदिवस उबदार असतं, तेव्हा आई, काळजी नको.

बाबा, शनिवारी परक्यांच्या, त्या युक्रेनी लोकांच्या चर्चमध्ये फुकट राबून काय मिळतं, असं तुम्ही विचारलंत. घरमालकीणबाई मला घेऊन जातात. तिथे तळघरात पंधरा-वीस आज्या पेरोगी करतात. पारीत बटाट्याचं सारण भरायचं, दुमडायचं आणि कडा चिमटीने दाबायच्या. करंजीच म्हणा, पण तळायची नाही, पाण्यात उकळायची. कड जरा कच्ची राहिली की सारण पाण्यात, म्हणून कडा दाबायला मला अजून बसू देत नाहीत. मी पीठ मळतो, पोती उचलतो. मजुरी कोणीच घेत नाही. डझनाच्या हिशोबाने विकतात आणि पैसे मुलांच्या भाषावर्गाला जातात.

आज त्यांच्या कवीची, तारास शेव्चेन्कोची जयंती. तो जन्माने भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा. १८३८ मध्ये एका चित्राची सोडत काढून २,५०० रुबल उभे केले, तेव्हा मालकाने त्याला सोडलं. इथल्या युक्रेनी लोकांनी वर्गणी काढून १९६१ मध्ये, त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, विधिमंडळाच्या आवारात त्याचा पुतळा बसवला. तेवढ्यावर थांबले नाहीत. १९६३ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने त्याच्या नावाचं प्रतिष्ठान झालं. मुद्दलीला हात लावायचा नाही, व्याजातून भाषा, कला, शिक्षण. बाबा, तुमची पोस्टातली ठेवच आठवली. माझी फी त्यातूनच गेली.

आई, ‘परमुलखात आपलं कोण’ म्हणतेस. पहिल्या महायुद्धात याच देशाने हजारो युक्रेनी लोकांना शत्रू ठरवून छावण्यांत डांबलं होतं. ती आठवण जपायला सरकारने २००८ मध्ये १ कोटी डॉलर याच प्रतिष्ठानकडे सोपवले. माझ्याशी तर सगळे नीट वागतात, खरंच.

ताईच्या लग्नाचे दोन लाख सोमवारी पाठवलेत. हॉलचा ॲडव्हान्स त्यातून द्या, ठेव मोडू नका. कमी पडले तर मला कळवा, काकांकडे मागू नका.

परमिटचे कागद अडकलेत. आत्ता बाहेर पडलो तर परत येता येईल याची खात्री नाही. त्यामुळे लग्नाला मी नसेन. कान पिळायला चुलतभावाला उभं करा, मान त्याचाच. ताईला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगू नका, रविवारी मीच फोन करतो.

माझ्या स्थळांचं पुढच्या वर्षी बघू.

तुमचा,
बाळू