मुग्धाला, खोकी भरण्याआधी

कोथरूड, पुणे

प्रिय मुग्धा,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हे मला सलग सांगायचंय, म्हणून पत्र. तब्येती आधी उरकते. गुडघा बरा, मंदारची शुगर आटोक्यात, आईंना ऐकू कमी येतं पण दूधवाल्याची बेल बरोबर ऐकू येते. झालं.

सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटच्या सह्या झाल्या. दिवाळीनंतर घर रिकामं करायचं, इमारत उभी राहीपर्यंत बावधनला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचं. कपाटं, पलंग, आईंचे पितळी डबे, सगळ्याची काही ना काही सोय लागतेय. आपल्या रेकॉर्डींची लागत नाहीये. नानांच्या खोलीतली ती भिंत तुला माहीतच आहे.

शिरीषने एका मुलाला पाठवलं. कोरेगाव पार्कात कॅफे काढतोय. चांगला मुलगा, चप्पल बाहेर काढून आला, जमिनीवर बसला आणि एकेक रेकॉर्ड उचलायला लागला. मला वाटलं, आता लावायला सांगेल. मी नानांच्या टर्नटेबलवरचं कापडसुद्धा काढून ठेवलं. त्याने आधी डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचं ‘होमवर्क’ बाजूला काढलं, ते काळ्या सॅटिनवर नाव शिवलेलं कव्हर. मग आणखी काही. मग म्हणाला, “मॅडम, मला भिंतीवर फ्रेम करायचीत. आतल्या रेकॉर्डी तुम्हीच ठेवा.” पैसे चांगले देत होता गं. मी त्याला चहा दिला, नाही म्हटलं, आणि तो गेल्यावर नानांच्या खोलीत बसून रडले. मंदार म्हणतो, “अगं, तो कव्हरंच तर मागत होता! आणि गाणी तर सगळी फोनवर आहेत.” तो मनापासून समजूत घालत होता. पण हे तुलाच कळेल म्हणून तुला लिहितेय.

आता तू आपलं जुनं भांडण काढणार, ते मला दिसतंय. हाऊस, म्हणजे डिस्कोतून निघालेलं ते यंत्रांवरचं नाचाचं संगीत, त्याचा अल्बम ही मुळात दुकानदाराची सोय, हाऊसचं खरं घर म्हणजे नाचाची जमीन आणि एकदोन गाण्यांची बारा इंची रेकॉर्ड. रुपालीत कॉफी गार होईपर्यंत तू हे सांगायचीस. शिकागोच्या ‘वेअरहाऊस’मध्ये फ्रँकी नकल्स १९७७ पासून लोकांना रात्रभर नाचवत होता, त्या क्लबच्या नावावरून ‘हाऊस’ हे नाव पडलं, तेव्हा अल्बम कुठे होता? नव्हता, मान्य. पण मुग्धा, ती रात्र तिथे असलेल्यांची होती. तुझ्यामाझ्यापर्यंत, डेक्कनवरच्या दोन मुलींपर्यंत, ती कशी पोचणार होती? लॅरी हर्डसारखा माणूस लागला. मुळात ड्रम वाजवणारा, घरी सिंथेसायझर घेऊन एकटा बसणारा. १९८८ मध्ये त्याने रॉबर्ट ओवेन्स आणि रॉन विल्सनबरोबर फिंगर्स इंक. या नावाने ‘अनदर साइड’ हा अल्बम काढला. ठेका नाचाचाच, पण ओवेन्सचा आवाज असा की दिवा मालवून एकटीने ऐकावा. परीक्षेच्या आदल्या रात्री तूच तो परत परत लावत होतीस, तेव्हा कुठे गेली होती तुझी नाचाची जमीन? याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

आणि ‘होमवर्क’. १९९७ चा. त्या जोडीतल्या बांगाल्तेरच्या पॅरिसमधल्या घरात, निजायच्या खोलीत झालेला, म्हणून ते नाव. त्यातलं ‘टीचर्स’ मी परवा पुन्हा लावलं. नुसती नावं आहेत, एकामागून एक, ठेक्यावर. पॉल जॉन्सन, डीजे स्नीक, लिल लुईस, मध्येच ब्रायन विल्सन आणि जॉर्ज क्लिंटन, पुढे डीजे पिएर, टॉड एडवर्ड्स, रोमँथनी. नाना ते ऐकून काय म्हणाले होते आठवतंय? “पोरं कानाला हात लावतायत.” सवाईला एखादा गवई गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरतो, तसंच. त्या वेळी आपण हसलो होतो. पण चार वर्षांनी ‘डिस्कव्हरी’ आला, त्यात पहिलंच गाणं रोमँथनीने गायलेलं, आणि टॉड एडवर्ड्सही एका गाण्यात. ज्यांची नावं शिष्यांनी घेतली, ते गुरू पुढच्या अल्बममध्ये शेजारी येऊन बसले. हे दोन अल्बम शेजारी ठेवले तरच दिसतं. म्हणून मला भिंत मोडायची नाही. एक इथे, एक तिथे गेला की गाणी राहतील, ही गोष्ट राहणार नाही.

रेकॉर्डी फुटण्याचं म्हणशील तर १२ जुलै १९७९ सारखा दिवस नाही. शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये बेसबॉलचे दोन सामने होते. डिस्कोची रेकॉर्ड घेऊन या, ९८ सेंटमध्ये आत या. सामन्यांच्या मधल्या वेळात स्टीव्ह डाल या रेडिओवाल्याने मैदानात त्या ढिगाचा स्फोट केला, लोक आत घुसले, आणि दुसरा सामना झालाच नाही. तिथे लोकांना जागा दाखवायच्या कामावर व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा होता. त्याने नंतर सांगितलं, की लोक नुसत्या डिस्कोच्या रेकॉर्डी आणत नव्हते, कृष्णवर्णीयांच्या कुठल्याही आणत होते. पुढे १९८४ मध्ये जेसी साँडर्सच्या ज्या ‘ऑन अँड ऑन’ला हाऊसची पहिली रेकॉर्ड मानतात, ती करण्यात हाच लॉरेन्स सोबत होता. मंदारला हे सांगितलं तर म्हणाला, “आपण कुठे फोडतोय?” त्याचंही बरोबर आहे. पण ज्या संगीताच्या जन्माआधी एवढ्या रेकॉर्डी फुटल्या, त्याची कव्हरं काढून नागड्या तबकड्या खोक्यात भरायच्या, हे माझ्या हातून होणार नाही.

बरं, सईच्या ॲडमिशनचं कळलं, फार आनंद झाला. तुझ्या बदलीचं काय ठरलं? तुझे सासरे परत चालायला लागले ना?

त्या मुलाने चरणजीत सिंगला हातही लावला नाही. कव्हर त्याच्या भिंतीला शोभत नसेल. तू दिलेली ती २०१० नंतरची आवृत्ती. १९८२ मध्ये मुंबईतला, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा माणूस एकटा बसतो आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर यंत्रांवर वाजवतो. त्या यंत्रांतली रोलँडची टीबी-३०३ मुळात एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून काढलेली. ती खपली नाही, १९८४ मध्ये बंदच झाली. शिकागोच्या फ्यूचर नावाच्या गटाने १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मध्ये तिला कण्हायला लावलं आणि अ‍ॅसिड हाऊस जन्मलं, आपल्या माणसानंतर पाच वर्षांनी! त्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. मींडच ती. भैरव ऐकताना नाना आधी कपाळाला आठ्या घालून बसले होते, “हा ठेका कशाला?” म्हणत. मालकंसाला आठ्या गेल्या. “सूर सोडत नाहीये,” एवढंच म्हणाले आणि पुन्हा लावायला सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी आपल्याला “दार लावा गं” म्हणणं सोडलं.

शिकागोवाल्यांना चरणजीत सिंग ठाऊक असल्याचं कुठे दिसत नाही, त्याला त्यांचं ठाऊक असणं शक्यच नव्हतं. आपल्या भिंतीवर ते शेजारी आहेत, कारण तू एक आणलास आणि मी दुसरा.

तर आता मुद्दा. नाशिकच्या घरात तुझी वरची खोली रिकामी आहे. अर्ध्या रेकॉर्डी तुझ्या, हे मी कधीच नाकारलं नाही (‘होमवर्क’ माझाच आहे, जुन्या बाजारात आधी हात मी घातला होता). पण अर्ध्या नेऊ नकोस, सगळ्या ने. घर झालं की सगळ्या परत येतील, किंवा तुझ्याकडेच राहतील, ते तेव्हा भांडू. पश्चिमेच्या भिंतीला लावू नकोस, ऊन येतं. उभ्याच ठेव, आडव्या रचल्या की वाकतात. टर्नटेबलही पाठवते, नाहीतर नुसती राखण होईल. टेम्पोवाला ओळखीचा आहे, खोकी मी स्वतः भरीन आणि सोबत येईन.

हो की नाही ते लगेच कळव, दसऱ्याच्या आत. रात्री नऊनंतर फोन कर, दिवसा शेजारच्यांची ठोकाठोक चालू असते.

तुझी,
वैजू