फ्रीजच्या नळाला धार नाही? आधी छतावरची टाकी पाहा

संपादक साहेब, नमस्कार.

फ्रीजच्या दारातून पाणी बारीक येत असेल तर काय करावं यावर तुमच्या पुरवणीत माहिती आली होती. चांगली होती, पण ती शहरातल्या फ्लॅटवाल्यांसाठी. फिल्टर बदला, नळी दबली का पाहा, सर्व्हिसवाल्याला फोन लावा. आमच्या दर्यापूर तालुक्यात लोक फिल्टर बदलून बदलून थकले तरी धार काही वाढत नाही, कारण बहुतेक ठिकाणी फ्रीज बिघडलेलाच नसतो ना बाप्पा, पाण्याला दाबच नसतो.

पाइपलाइनवर जोडायच्या फ्रीजला साधारण कमीत कमी 20 पीएसआय (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं माप) दाब लागतो, काही मॉडेलला त्याहून जास्त, आणि हे सांगते कोण तर सोबतचं इंग्रजी पुस्तक, तेही मागच्या पानावर बारीक अक्षरात. पाणी एक मीटर उंचीवर असलं की जवळपास 1.4 पीएसआय मिळतो. आता आमच्याकडची घरं पाहा, स्लॅब दहा-अकरा फुटांवर, त्याच्यावर टाकी, अन् फ्रीजचा नळ छातीएवढ्या उंचीवर, म्हणजे मधात उरले फार तर बारा-तेरा फूट, हिशोब केला तर 5-6 पीएसआयच्या वर गाडी जातच नाही. 20 पाहिजे तर टाकी नळापेक्षा 14 मीटर वर पाहिजे, म्हणजे घरावर आणखी तीन-चार मजले चढवा! थेट सरकारी नळावर जोडलं तरी तीच गत. पाणीपुरवठ्याच्या 1999 च्या सरकारी मॅन्युअलात एकमजली घरासाठी 7 मीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब धरला होता, तो पूर्ण मिळाला तरी 10 पीएसआय झाले, अन् नळ रोज येतो कुठं.

दाब कमी असला की फक्त धार बारीक होते असंही नाही. फ्रीजच्या मागचा व्हॉल्व्ह पाण्याच्याच दाबानं घट्ट बंद होतो, दाब नसला की नीट बसत नाही अन् पाणी झिरपत राहते, मग फ्रीजखाली ओल दिसली की घरातले म्हणतात फ्रीज लीक झाला.

म्हणून मेकॅनिकला बोलवायच्या आधी फ्रीजचा प्लग काढा, पाणी बंद करा, मागची नळी सोडून बादलीत धरा अन् पाणी सुरू करा. तिथंच धार मुतखड्याच्या पेशंटसारखी असेल तर फ्रीजला कशाला हात लावता. धार जोरात असेल तर नळी परत जोडा, प्लग लावा, मग फिल्टर काढून पाहा (बऱ्याच मॉडेलमध्ये त्या जागी बायपासचं, म्हणजे फिल्टरशिवाय पाणी जाऊ देणारं बूच बसवता येते). फिल्टर काढल्यावर पाणी सुटलं तर फिल्टर चोंदला, तो तसाही सहा महिन्यांत बदलायचाच असतो. तरी नाही सुटलं तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते ती पाहा, नाहीतर दारातली नळी गोठली असेल. सगळं ठीक असलं तर पाव लिटरचा ग्लास आठ-दहा सेकंदांत भरायला पाहिजे.

आमचा अकोला, अमरावती, बुलडाण्याचा पूर्णाकाठचा भाग खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं, हे तुम्हाला सांगायला नको. फ्रीजमधला फिल्टर बहुतेक कार्बनचा असतो, तो क्लोरीनचा वास घालवतो, खारेपणा नाही, अन् बोअरच्या पाण्याचे क्षार त्या जाळीत पांढरे थर होऊन बसतात ते वेगळंच. मग माणूस म्हणतो आरओ लावू अन् त्याचं पाणी फ्रीजला देऊ. पण घरगुती आरओच्या टाकीतलं पाणी नुसतं उताराने येते, म्हणजे दाब आणखी कमी, तिथं पुन्हा वेगळा छोटा पंप लागते. पंप लावायचाच तर आपल्या टाकीनंतर लावा, नळाच्या लाइनवर मोटर लावून शेजाऱ्याचं पाणी ओढू नका, त्याच्यावरून गावात भांडणं कमी आहेत का.

माझं विचाराल तर आपल्या गावांसाठी दारातली टाकी हातानं भरायचा फ्रीज बरा, त्याला ना पाइप ना दाब, फक्त टाकी अन् नळ धुत राहायचा.

पण हे दुकानात कोणी सांगत नाही. लग्नसराईत हप्त्यावर फ्रीज जातात, शोरूममधल्या फ्रीजला दाबाचं पाणी जोडलेलं, धार पाहून पोरगी खूश अन् बापही खूश, अन् घरी आल्यावर व्हिजिट चार्ज देत बसा. कंपन्यांनी किती दाब लागतो ते खोक्यावर मराठीत मोठ्या अक्षरात छापावं, अन् दुकानदारानं पावती फाडायच्या आधी एवढं तरी विचारावं की पाणी कुठून जोडणार, टाकी किती उंच. तुमच्या पेपरात फ्रीजच्या पानभर जाहिराती येतात, तेव्हा कंपन्यांपर्यंत हे तुम्हीच पोचवा.

आपला,
एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती