चि. मधुरास पत्र

पाचपाखाडी, ठाणे

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी जेवता जेवता उठून गेलीस, त्याचा राग नाही. बाबा म्हणाले, "वकीलच ती, बाजू मांडून झाली की उठणारच." फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. तू जिची केस घेतलीस, त्या चरईतल्या धोकादायक इमारतीबद्दल काही लिहायचं नाही, असं ठरवूनच बसले आहे.

आधी चांगलं. इमारतीची मजबुती तपासणारा ऑडिटर आत शिरलाच नव्हता, खाली उभं राहून फोटो काढून अहवाल दिला, हे तू कोर्टापुढे जसं आणलंस ते ऐकून मला फार बरं वाटलं. बेबीमावशीला मीच फोन करून सांगितलं. फी घेतली नाहीस, हे मात्र मला दुसऱ्याकडून कळावं? नाना म्हणायचे, महापालिकेच्या कज्ज्यांत कसली वकिली. मला तर वाटतं, माणसाच्या रोजच्या जगण्याला एवढं चिकटलेलं काम तुमच्या कोर्टात दुसरं नसेल. पाणी, मालमत्ता कर, फेरीवाल्याची गाडी, गॅलरी बंद केली म्हणून आलेली बेकायदा बांधकामाची, कलम 260 ची नोटीस.

पण मधुरा, सी-1 म्हणजे सी-1, रिकामी करून पाडायचीच इमारत. आत राहून दुरुस्ती करता येते ती सी-2 बी, ही ती नाही. तू स्थगिती आणलीस, रहिवाशांनी स्वतःच्या जबाबदारीवर राहतो असं हमीपत्र दिलं. वरच्या मजल्यावर तो शाळकरी मुलगा आहे ना, त्याची सही आहे का त्यावर?

झालं, लिहिलंच.

महापालिकेच्या ऑफिसात दर वर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी लागली की कलम 264 च्या, इमारत रिकामी करायच्या नोटिसा मी टाइप करायचे, जावक नंबर घालायचे. लोक त्या घ्यायचे नाहीत. मग निरीक्षक दारावर चिकटवून, पंचनामा करून यायचा. एकदा एक म्हाताऱ्या बाई ती फाडलेली नोटीस घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आल्या. "बाहेर पडले तर परत आत घेणार कोण, तू?" त्यांचं बरोबरच होतं. भाडेकरूला इमारत पडायची भीती कमी, खोलीचा हक्क जायची जास्त. तू रविवारी हेच कलमं सांगून पटवत होतीस, आणि मी काय ते काउंटरवर ऐकलेलं नाही?

म्हणून सांगते, नुसत्या स्थगितीवर थांबू नकोस. कुणाकडे किती चौरस फूट आहे ते खोली खोली मोजून दाखला आधी हातात द्या, असा आदेश माग. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क बुडत नाही, पण हे त्या माणसांना कागदावर दिसलं पाहिजे. पावसाळ्यापुरती राहायची सोय कुठे, तेही माग. कागद मिळाला की माणसं आपणहून सामान बांधतात. स्थगितीने फक्त तारीख मिळते, आणि पाऊस काही तुमच्या तारखा बघून पडत नाही.

राहू दे. निवृत्त कारकुनाने वकिलाला अर्ज लिहायला शिकवायचा, हे जरा जास्तच झालं. माफ कर.

4 एप्रिल 2013 ला शिळफाट्याची इमारत पडली, 74 माणसं गेली. ती तर जुनीसुद्धा नव्हती, बिनपरवाना, बांधकाम चालू असतानाच लोक राहायला घातलेले. तू शाळेत होतीस. पेपर वाचून मला विचारलंस, "आधी कोर्टात कुणीच कसं गेलं नाही?" तुझी वकिली तिथून सुरू झाली, असं माझं मत. तू हसशील. 2015 च्या ऑगस्टमध्ये इथे ठाण्यातच बी केबिनला पडली ती मात्र जुनी, आणि वेळ रात्रीची, माणसं झोपेत. ती आपल्यापासून किती लांब होती, हे तुला सांगायला नको. त्या रात्री मी तुझ्या खोलीत येऊन झोपले होते.

तू चूक केलीस असं मी म्हणत नाही. त्या लोकांना दुसरं कोण होतं?

पुढची तारीख कधी आहे ते कळव. शनिवारी बेलापूरचं काम लवकर आटपलं तर तिकडूनच ठाण्याची लोकल पकड, घरी जाऊन पुन्हा निघू नकोस. येताना चरईत डोकावलीस तर तळमजल्याच्या खांबांना टेकू खरंच लावलेत का बघ, लावले म्हणून सांगतात आणि नसतात. आणि बघून झालं की लगेच बाहेर ये, चहाला कुणी बोलावलं तरी वर जाऊ नकोस.

तुझी,
आई